न झालेल्या लग्नाचे फोटो

"जो गेम कधी बाजारातच आला नाही तो उकरून काढायचा, म्हणजे मोडलेल्या लग्नाचे फोटो जपून ठेवण्यातली गत!" असं आमचे दाजी परवा जेवताना म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो, कारण वाक्य फर्मास होतं आणि ताईची पुरणपोळीही. पण तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. दाजी हा ब्लॉग वाचतात हे मला माहीत आहे, तेव्हा उत्तर इथेच देतो. (ताई, तू मधे पडू नकोस.)

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी आधी थोडं. नव्वदच्या दशकात आपण ज्याला टीव्ही गेम म्हणायचो, तो आठवतोय ना? सामुराई, मीडिया, नाहीतर नावगाव नसलेला कुठला तरी डबा, आणि त्यात घालायची कॅसेट. चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, पुन्हा घालायची. त्या कॅसेटच्या पोटात एक चिप असते आणि चिपमध्ये अख्खा गेम. दुकानात विकायच्या कॅसेटमधली चिप कारखान्यातच कायमची 'छापलेली' असते, पुस्तकासारखी. पण गेम अजून बनतोय, चुका काढणं चालू आहे, कुणाला तरी दाखवायचा आहे, अशा वेळी तो छापत नाहीत. तेव्हा वापरतात इप्रॉम. या चिपच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी असते. तिच्यावर अतिनील प्रकाश धरला की चिप कोरी होते आणि पुन्हा लिहिता येते. म्हणजे पाटीच म्हणा ना. खिडकीवर एक कागदी चिकटपट्टी, तिच्यावर पेनाने लिहिलेली तारीख, हा झाला प्रोटोटाइप.

आता बघा, पाटी पुसायलाच असते. कंपन्यांनी बहुतेक पाट्या पुसल्या आणि पुढच्या गेमसाठी वापरल्या. ज्या पुसायच्या राहिल्या त्या कुणाच्या टेबलाच्या खणात, परीक्षण लिहिणाऱ्या मासिकाच्या कपाटात, कंपनी बुडाल्यावर लिलावात निघालेल्या खोक्यात पडून राहिल्या. जगभरातले काही येडे लोक (मी हा शब्द आदराने वापरतोय) त्या शोधतात, चिप रीडरवर चढवून त्यातला डेटा काढून घेतात, दोनदा वाचून दोन्ही प्रती बिट न् बिट जुळतात का बघतात आणि मग तो डेटा सगळ्यांसाठी ठेवून देतात.

दाजींचा पहिला मुद्दा असा, की गेम आला नाही याचा अर्थ तो वाईट असणार. धंदा करणाऱ्याने काही विचार करूनच टाकून दिला असेल ना!

दाजी, विचार केला असेल, पण तो गेमचा नव्हे. 'स्टार फॉक्स टू' हा गेम नव्वदच्या दशकाच्या मध्यावर जवळजवळ पूर्ण तयार झाला होता. पण निन्टेन्डोचं पुढचं, जास्त ताकदीचं मशीन येऊ घातलं होतं, म्हणून जुन्या मशीनवरचा हा गेम कपाटात गेला. त्याचा एक अर्धाकच्चा डेटा बाहेर फुटला, चाहत्यांनी तो इंग्रजीत आणला, वर्षानुवर्षं लोक खेळले. आणि २०१७ साली त्याच निन्टेन्डोने छोट्या सुपर एनईएसमध्ये पूर्ण झालेला 'स्टार फॉक्स टू' अधिकृतपणे घातला, जाहिरात करून! गेम वाईट होता तर वीसेक वर्षांनी मिरवला कशाला?

'मदर' नावाच्या जपानी गेमचं तर याहून मोठं उदाहरण. त्याचं इंग्रजी भाषांतर १९९० मध्ये करून झालं होतं. करून झालं होतं, दाजी! पण छापलं नाही. १९९८ साली त्याची एक प्रोटोटाइप कॅसेट चाहत्यांच्या हाती लागली आणि डेटा बाहेर आला. लोक म्हणाले, हे बनावट आहे. आणि २०१५ साली निन्टेन्डोने तोच गेम 'अर्थबाउंड बिगिनिंग्ज' या नावाने अधिकृत प्रसिद्ध केला, तर भाषांतर तेच निघालं. ज्या माणसाने ते भाषांतर केलं त्याचं काम पंचवीस वर्षं अंधारात राहिलं असतं. राहिलं नाही, कारण कुणीतरी एक चिप पुसायची विसरला आणि दुसऱ्या कुणीतरी ती वाचायची तसदी घेतली.

एनईएसवरची 'सिमसिटी' १९९१ मध्ये प्रदर्शनात दाखवून गुंडाळली, तिचा डेटा २०१८ च्या डिसेंबरात व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने खुला केला. आणि 'डेझर्ट बस' माहीत आहे का? पेन आणि टेलर या अमेरिकन जादूगार जोडीच्या एका गेमसंग्रहातला हा एक गेम. टूसॉनहून लास वेगासपर्यंत बस चालवायची, खऱ्याखुऱ्या आठ तासांची, रस्त्यात काहीही नाही, बस सतत उजवीकडे ओढते म्हणून हात सोडायचा नाही, आणि पोचलात की गुण मिळतो एक. (गारगोटीहून रात्रीच्या एसटीने मुंबईला गेलेल्या माणसाला यात नवीन काही वाटणार नाही.) कंपनी बुडाली, संग्रह आला नाही. परीक्षणासाठी धाडलेली एक प्रत उरली होती, तीच पुढे लोकांपर्यंत पोचली. २००७ पासून दरवर्षी काही मंडळी हा कंटाळवाणा गेम दिवसच्या दिवस खेळतात आणि आजारी मुलांसाठी लाखो डॉलर जमवतात. मोडलेल्या लग्नाचे फोटो एवढं काम करत असतील तर दाजी, तुमचा अल्बम पण काढा बाहेर :)

आता दुसरा आणि जास्त गंभीर मुद्दा: ही चोरी आहे. मालकाने नाही दाखवला, तुम्ही कोण दाखवणारे?

इथे मला दोन गोष्टी वेगळ्या करायच्या आहेत, कारण या विषयावर लिहिणारे बरेचजण त्या मुद्दाम एकत्र कालवतात. २०२० साली निन्टेन्डोच्या आतल्या सर्व्हरवरून चोरलेला डेटा मोठ्या प्रमाणावर फुटला. त्यात जुन्या गेमांचे कच्चे नमुने होते, तसेच माणसांचे खासगी कागदही होते. ती घरफोडी. कुणी कितीही इतिहासाच्या नावाने गळा काढला तरी मी तिच्या बाजूने उभा राहणार नाही. पण बुडालेल्या कंपनीच्या भंगारातून शंभर रुपयांना आलेली चिप, परीक्षकाला रीतसर पाठवलेली प्रत, मेलेल्या प्रोग्रामरच्या घरच्यांनी जपलेल्या फ्लॉप्या, यांना घरफोडी म्हणायचं? ख्रिस ओबर्थ नावाचा प्रोग्रामर २०१२ साली वारला. एनईएससाठी त्याने 'डेज ऑफ थंडर' हा गेम लिहिला होता, पण प्रकाशकाने दुसऱ्या कंपनीने केलेला त्याच नावाचा गेम बाजारात आणला आणि ओबर्थचा राहून गेला. त्याच्या मागे राहिलेल्या फ्लॉप्यांवरच्या बॅकअपमधून २०२० साली लोकांनी सोर्स कोड काढला, अर्धवट दुवे जुळवले आणि गेम पुन्हा बांधला. चालू केला. यात चोर कोण आणि चोरीला गेलं काय?

माझं या गावात संगणक-दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. माझ्याकडे रोज कुणी ना कुणी 'यातलं एवढं काढून द्या' म्हणून मेलेली हार्ड डिस्क घेऊन येतं. त्यामुळे एक गोष्ट छातीठोकपणे सांगतो. डेटा आपोआप टिकत नाही. इप्रॉममध्ये विद्युतभार अडकवून ठेवलेला असतो, तो वर्षानुवर्षं थेंबाथेंबाने गळतो. घरी लिहिलेल्या सीडीतला रंग उडतो. फ्लॉपीचा चुंबकीय थर बुरशी खाते, आणि आमच्या भुदरगड तालुक्यात पावसाळा काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. म्हणजे 'मालकाच्या मर्जीची वाट बघू' म्हणणारा माणूस प्रत्यक्षात 'मरू दे' असंच म्हणत असतो, फक्त सभ्य भाषेत. आणि मालक तरी काय करतो? त्याच व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली, तर अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमांपैकी ८७ टक्के आज विकत मिळत नाहीत असं निघालं. हे आलेल्या गेमांचं! न आलेल्यांची मालकांना किती फिकीर असेल याचा हिशेब तुम्हीच करा.

पण माझा खरा राग मालकांवर नाहीच. तो आहे संग्राहकांवर. जगात असे लोक आहेत जे जगातली एकुलती एक प्रोटोटाइप कॅसेट हजारो डॉलर मोजून घेतात, काचेच्या कपाटात ठेवतात, फोटो टाकतात आणि डेटा काढू देत नाहीत. कारण? डेटा खुला झाला तर कॅसेटचा भाव उतरेल! अहो, नक्कल काढल्याने मूळ वस्तूचा एक कणही झिजत नाही. आणि आतला डेटा गळून गेल्यावर तुमच्या कपाटात उरणार प्लॅस्टिकचा तुकडा आणि कोरी चिप. धनावर बसलेल्या नागाला निदान खालचं धन तसंच्या तसं राहील याची खात्री असते. यांना तीही नाही.

मराठी माणसाला हे सगळं नवीन वाटू नये. वि. का. राजवाडे आठवा. वाड्यावाड्यांतून दप्तरं पडलेली, वाळवी लागलेली, आणि घराण्यांतल्या मंडळींना वाटायचं की हे आमचे कागद, परक्याला कशाला दाखवा. कुणाला जमिनीच्या वादाची भीती, कुणाला नुसताच ताठा. राजवाडे गावोगाव पायपीट करत फिरले, मिनतवाऱ्या केल्या, भांडले, आणि मिळालं ते छापून टाकलं. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें'चा पहिला खंड आला, पुढे बावीस झाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. त्या खंडांत आहे काय? पत्रं, हिशेब, यादी, अर्धवट मसुदे. प्रसिद्ध व्हावेत म्हणून लिहिलेला त्यातला एकही कागद नाही! कुणी राजवाड्यांना विचारलं का, की ज्यांनी ही पत्रं छापली नाहीत त्यांनी काही विचार करूनच छापली नसतील?

आणि न जपल्याचं काय होतं तेही आपल्याला घरचंच उदाहरण आहे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० मध्ये 'सैरंध्री' केला, १९२५ मध्ये 'सावकारी पाश'. 'सावकारी पाश'मध्ये तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांतारामांनी केलं होतं. भारतीय सिनेमात वास्तववाद तिथून सुरू झाला असं पुस्तकांत लिहितात. लिहितातच फक्त, कारण १९२५ चा तो मूक 'सावकारी पाश' आज कुणालाच बघता येत नाही. प्रतच उरली नाही. आपण कोल्हापूरकर कलानगरी म्हणून छाती काढून चालतो आणि त्या कलेचा पुरावा विचारला की पुस्तकातला परिच्छेद दाखवतो.

एक गंमत सांगतो, चोरीचोरी म्हणणाऱ्यांसाठी. 'सॉनिक टू' बनत असताना त्याची एक नमुना कॅसेट १९९२ साली न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनातून चोरीला गेली, असं सॉनिकचा प्रोग्रामर युजी नाका याने सांगितलं आहे. त्या कच्च्या गेमच्या नकली कॅसेट निघाल्या, विकल्या गेल्या. १९९९ च्या सुमारास सायमन वाई नावाच्या चाहत्याला त्याचा डेटा एका चिनी साइटवर सापडला, आणि त्यात होता 'हिडन पॅलेस' नावाचा टप्पा, जो बाजारात आलेल्या गेममधून काढून टाकला होता. २०१३ मध्ये सेगाने मोबाइलसाठी 'सॉनिक टू' नव्याने काढला तेव्हा तो टप्पा पूर्ण करून आत घातला. मी चोरीचं समर्थन करत नाही, वर सांगितलंच. पण नकली कॅसेट विकणाऱ्या भामट्यांनी जे अजाणता सांभाळलं ते बाकी कुणी जाणूनबुजून सांभाळलं नाही, याची लाज कुणाला वाटायला हवी? आपण सगळे त्या '९९९९९९ इन वन' कॅसेटवरच वाढलो, म्हणून विचारतो.

आता येतो मुद्द्यावर, म्हणजे आपल्या घरी.

अमेरिका-जपानच्या गेमांना येडे लोक भेटले. आपल्या गेमांचं काय? १९९९ मध्ये मुंबईत इंडियागेम्स निघाली. पुढच्या दहा वर्षांत मुंबई, पुणे, बेंगळूर, हैदराबाद इथे कितीतरी पोरं नोकियाच्या फोनवर चालणारे जावा गेम लिहीत होती. एकेक गेम पन्नास फोनांच्या पन्नास पडद्यांसाठी पुन्हा पुन्हा बसवायचा, ही हमाली त्यातल्या निम्म्यांनी केली. इंडियागेम्स पुढे यूटीव्हीकडे आणि मग डिस्नेकडे गेली. ते गेम फोनवरूनच विकत घ्यायचे आणि फोनवरच राहायचे. ना कॅसेट, ना डबा. फोन भंगारात गेला, गेम गेला. आलेल्यांची ही कथा, मग जे करून झाले आणि आलेच नाहीत ते?

माझा मावसभाऊ अशाच एका कंपनीत होता (नाव घेत नाही, ती आता नाहीही). २००६ साली त्याने आणि तिघांनी मिळून विटीदांडूचा गेम केला. मी त्याच्या फोनवर खेळलोय. कोल्याने विटी उडवायची वेळ साधली तर ती अंगणाबाहेर जायची आणि शेजारीण ओरडायची, मराठीत! वरून आदेश आला की क्रिकेटशिवाय काही विकत नाही. प्रकरण संपलं. त्याने जाताना दोन सीड्या लिहून घेतल्या होत्या. त्या आजही त्याच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये माळ्यावर आहेत, बायकोच्या जुन्या नोट्स आणि मिक्सरच्या खोक्याबरोबर. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला, "दिवाळीच्या साफसफाईत माळा रिकामा करतोय, तुला मिक्सर पाहिजे का?"

मिक्सर!

मी सीड्यांचं विचारलं तर म्हणतो, करारावर सही केली होती, उगाच भानगड नको. भावा, कंपनी नाही, मालक कोण ते तुलाच माहीत नाही, तू घाबरतोस कुणाला? आपल्या प्रताधिकार कायद्यात कलम ३१-ए आहे, लेखक किंवा मालक सापडत नाही अशा अप्रकाशित कामासाठीही परवाना मागायची वाट त्यात ठेवलेली आहे. पण ती फार पुढची गोष्ट. तुला आज कुणी प्रसिद्ध करायला सांगत नाही. फेकू नकोस एवढंच सांगतोय.

सरकारकडून मला फार आशा नाही, तरी एक सांगून ठेवतो. १९५४ च्या कायद्याप्रमाणे या देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत चार ग्रंथालयांना द्यावी लागते, त्यातलं एक मुंबईच्या टाऊन हॉलमधलं. गारगोटीत कुणी चाळीस पानांचा कवितासंग्रह छापला तर त्याची प्रत तिथे जायला हवी असं कायदा म्हणतो. चाळीस माणसांनी दोन वर्षं खपून केलेल्या गेमला मात्र कुठेच जागा नाही. फ्रान्सने १९९२ च्या कायद्यात सॉफ्टवेअरही घेतलं, त्यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयात व्हिडिओ गेम जमा होतात. आपण ते करू तेव्हा करू. तोवर सगळी मदार तुमच्या माळ्यांवर आहे. ब्लॉगवाल्या मित्रांनो, तुमच्यातले निम्मे सॉफ्टवेअरमध्ये आहात, तुमच्या घरात असं काही नाही असं मला सांगू नका.

तर कृती. सीडीतल्या फायली नुसत्या 'कॉपी-पेस्ट' करू नका, अख्ख्या सीडीची इमेज काढा. पुसलेल्या, अर्ध्या फायली, तारखा, सगळं त्यात येतं, आणि पुष्कळदा खरी गंमत तिथेच असते. वाचताना अडली तर दुसऱ्या ड्राइव्हवर लावून बघा, जुने ड्राइव्ह पुष्कळदा नव्यांपेक्षा नेटाने वाचतात. पेन-कागदाने लिहिलेल्या पट्टीचा फोटो घ्या. कुणी कुणी काम केलं त्यांची नावं लिहून ठेवा, कारण ती सीडीत नसतात आणि माणसं विसरतात. प्रत दोन ठिकाणी, त्यातली एक घराबाहेर. फ्लॉपी असेल तर आधी बुरशी बघा. पांढरे डाग दिसले तर ड्राइव्हमध्ये अजिबात घालू नका, फ्लॉपीही जाईल आणि ड्राइव्हही.

ज्यांना हे जमणार नाही त्यांनी माझ्याकडे पाठवा. एक पैसा घेणार नाही, मूळ वस्तू परत करीन, आत काय निघालं ते तुमच्याखेरीज कुणाला सांगणार नाही. बबल-रॅपमध्ये गुंडाळून कुरिअर करा, उसाच्या गाडीतून ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवू नका (एकाने पाठवलं होतं). मावसभावाने मिक्सरही त्याच खोक्यात टाकला तरी चालेल. दाजींना तो पाहिजेच आहे.